विवाह नोंदणीच्या पत्त्यावर दुसरं कोण राहतं?

मी फक्त एवढंच म्हणाले होते, की विवाह नोंदणीची वही आता फार जड झाली आहे.

म्हणाले तेही हळू. मुळात माझा आवाज हळूच. घरी आमचे हे म्हणतात, "तुझं बोलणं ऐकायला माणसाने आधी पंखा बंद करावा." पण सरकारी कार्यालयाचा माझा अनुभव असा, की मोठ्याने केलेली तक्रार शेजारच्या टेबलापर्यंत पोचत नाही आणि हळू आवाजात केलेली सूचना मात्र आपोआप तीन मजले वर चढते. आठच दिवसांत लेखी आदेश आला. विवाह नोंदणी येत्या सोमवारपासून संगणकावर होईल. जुनी वही मोहोरबंद करून कपाटात ठेवावी. यापुढे वहीतली हाताने केलेली नोंद ग्राह्य नाही. आणि सदर काम 'सूचना करणाऱ्या कर्मचाऱ्याने' पार पाडावे.

सूचना करणारी कर्मचारी म्हणजे मी. आ बैल मला मार, दुसरं काय.

काम तसं लहान होतं. आमच्या कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर काचेच्या दाराआड एक काळं, माणसाच्या उंचीचं यंत्र आहे. त्याला मी एकदा कपाट म्हटलं तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. त्याचं नाव मेनफ्रेम. त्याच्या पोटात कार्यालयाचं एकेक काम सांभाळणारे चाळीसेक लिनक्स सर्व्हर राहतात. 'राहतात' हे मायेने म्हणायचं, कारण दार उघडून पाहिलं तर एकही दिसत नाही. एकच यंत्र चाळीस सोंगं घेतं आणि प्रत्येक सोंगाला वाटतं, की अख्खं घर आपलंच आहे. एकत्र कुटुंबात नेमकं उलटं असतं. घर सगळ्यांचं असतं आणि प्रत्येकाला वाटतं, आपल्या वाट्याला कोपराही आला नाही.

नवा सर्व्हर करायचा म्हणजे एका नमुन्याची नक्कल काढायची, तिला नाव द्यायचं आणि पत्ता द्यायचा. नावाचं फार मनावर घ्यायचं नसतं, खरा महत्त्वाचा तो पत्ता. खालच्या खिडक्यांवरचे संगणक या सर्व्हरांना आकड्यांच्या पत्त्यावरूनच शोधतात. पत्त्यांची यादी माझ्याकडेच असते. तिच्यात एकसष्ट क्रमांक मोकळा होता. तरी मी डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्यांतली नव्हे. रिकाम्या घरात शिरण्याआधी कडी वाजवावी, तशी त्या पत्त्यावर हाक मारून बघण्याची सोय असते. दुपारी तीनला मी हाक मारली. ओ आली नाही. दुसऱ्या दिवशी चारला मारली. शांतता. मग मी यादीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'एकसष्ट: विवाह नोंदणी', आणि मनोमन हात जोडले.

खरं तर या कामात माझा थोडा स्वार्थ होता. माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, लेकीचं लग्न नोंदवायचं होतं. गुरुवारी, सव्वादहाची वेळ मिळालेली. होणारे जावई बोटीवर इंजिनियर. रविवारी त्यांची बोट सुटायची होती ती दोन वर्षांसाठी. नोंदणीचा दाखला मिळाला तर भाचीला त्यांच्यापाठोपाठ परदेशातल्या बंदरगावात जाऊन राहता येणार होतं. नाही मिळाला तर पुढची मोकळी वेळ सव्वा महिन्याने, आणि तोवर नवरामुलगा समुद्रात. समुद्रातल्या माणसाची सही चालत नाही. मी विचारून आले होते.

ताई म्हणाली, "तुझ्याच कार्यालयात आहे म्हणून निर्धास्त आहे हो मी."

हे वाक्य कोणी उच्चारलं की समजावं, ग्रह फिरले.

आता थोडं माझ्या सकाळच्या तासाबद्दल सांगायला हवं. माझे काही नेम आहेत. त्यांची जाहिरात करणं हाच नेमभंग, म्हणून कथेला लागतात तेवढेच सांगते. सकाळी दहा ते अकरा मी बोलत नाही. कार्यालयात सगळ्यांना हे ठाऊक आहे. त्या वेळात कोणाला काही हवं असेल तर मी चिठ्ठी लिहून देते. सुरुवातीला थट्टा झाली, मग सवय झाली. आता तर साहेब महत्त्वाच्या बैठका मुद्दाम दहालाच ठेवतात. म्हणतात, निदान एक माणूस तरी शांत बसतं.

आणि गंमत पाहा, आमची विवाहाची खिडकी उघडी असते तीही नेमकी दहा ते अकरा. एवढाच वेळ का, याचं उत्तर कोणालाच माहीत नाही. मी जुन्या फायली चाळल्या. सर्वांत जुन्या फायलीत कारण दिलं होतं, 'पूर्वीप्रमाणे'.

सोमवारी सव्वादहाला खालून पहिली चिठ्ठी आली. विवाहाच्या खिडकीवर ज्या बाई बसतात त्यांना सगळे शिक्केबाई म्हणतात. त्यांच्या टेबलावर अकरा शिक्के ओळीत उभे असतात आणि त्यातला एक जरी कोणी तिरका केला तरी त्यांना ते पाठमोऱ्या असतानाही कळतं. त्यांनी लिहिलं होतं, "बाई, वधूचं नाव टाकायला गेले तर यंत्र मृत्यूचं कारण विचारतंय. काय लिहू?"

मी चिठ्ठी दोनदा वाचली. जिना उतरून खाली गेले. खरंच, शिक्केबाईंच्या पडद्यावर ठसठशीत अक्षरात होतं: मृताचे पूर्ण नाव. मृत्यूचे ठिकाण. अर्जदाराचे मृताशी नाते. समोर एक जोडपं नवे कपडे घालून बसलं होतं. नवरदेव भिडस्त असावा. तो मान पुढे करून हळूच बायकोला विचारत होता, "नात्याच्या रकान्यात पती लिहायचं का आपण?"

शिक्केबाई मला म्हणाल्या, "यांच्याआधीचं जोडपं नीट झालं हो. विवाहाचाच अर्ज होता. हे दुसरे."

शेजारच्या खिडकीवरच्या संगणकावर मी हातवाऱ्यांनीच तोच पत्ता उघडायला लावला. तिथे विवाहाचा अर्ज आला. त्याच्या पलीकडच्यावर पुन्हा मृत्यूचा. म्हणजे एकाच खोलीत, एकाच पत्त्यावर, अर्ध्या टेबलांवर लग्नं लागत होती आणि अर्ध्यांवर माणसं जात होती. तत्त्वज्ञान म्हणून हे ठीक आहे, पण कार्यालयीन कामकाज म्हणून नव्हे.

मी वर धावले. वर पोचेपर्यंत अकरा वाजले. आणि मग एकाएकी सगळं सुरळीत. मी दहा वेळा उघडून पाहिलं, दहाही वेळा विवाह. मी चिठ्ठी पाठवली, "आता नीट चालेल. क्षमस्व." खिडकी बंद झाल्यावर नीट चाललं तर त्याचा उपयोग काय, हे विचारण्याइतक्या शिक्केबाई उद्धट नाहीत. त्यांनी ती चिठ्ठी फक्त टाचणीने समोरच्या फळ्यावर लावून ठेवली.

मला, खरं सांगते, त्या दिवशी भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. यंत्र बिघडलं की एक तर चालत नाही किंवा चुकीचं चालतं. हे आळीपाळीने बरोबर चालत होतं. असं माणसं करतात, यंत्रं नाही.

साहेबांना मी अकरानंतर सगळं सांगितलं. साहेबांचा नियम असा, की कोणताही बिघाड आधी तीन वेळा बंद-चालू करावा आणि मग त्याचा विचार करावा. तीन वेळा केलं. मग ते म्हणाले, "मृत्यू नोंदणीचा सर्व्हरच आगाऊ झाला असणार. दुसऱ्याच्या घरात शिरतोय."

संशय रास्त होता. मी दुपारभर त्या मृत्यू नोंदणीच्या सर्व्हरची उलटतपासणी घेतली. तो बिचारा आपल्या पत्त्यावर मान खाली घालून काम करत होता. त्याचा पत्ता बावीस. एकसष्टच्या वाटेला तो जन्मात गेला नव्हता. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

मंगळवारी तोच प्रकार. शिक्केबाईंनी शहाणपणाने शेजारच्या, म्हणजे काल नीट चाललेल्या, संगणकावर बस्तान हलवलं. अकरा शिक्के एकेक करून तिकडे गेले. तर आज तिथे मृत्यू आणि त्यांच्या जुन्या जागी विवाह. शिक्केबाई परत आल्या. शिक्के परत आले. शिक्के ओळीत लागेस्तोवर पडद्यावर पुन्हा मृत्यूचा अर्ज आला. पण त्या दिवशी त्यांनी एक गोष्ट हेरली, जी माझ्या नजरेतून सुटली होती.

अकरा वाजून गेल्यावर त्या स्वतः वर आल्या. म्हणाल्या, "बाई, हा आत्ताचा मृत्यूचा अर्ज नाही."

"म्हणजे?"

"यात मृताच्या वडिलांचा व्यवसाय विचारलाय. तो रकाना आपण नऊ वर्षांपूर्वी काढला. मीच अर्ज केला होता काढायला. मेलेल्या माणसाच्या वडिलांनी काय करायचं आता, ते तरी मेले असतील नाहीतर रडत असतील."

म्हणजे पत्त्यावर जो कोणी राहत होता तो आजचा नव्हता. निदान नऊ वर्षांपूर्वीचा होता.

ही बातमी कार्यालयात तासाभरात पसरली आणि दुपारच्या डब्यापर्यंत तिचं भूत झालं. जन्म नोंदणीच्या लेखनिकाने चौथ्या मजल्यावर येणं बंद केलं. वायरमन मात्र निडर. तो म्हणाला, "भूतबीत काही नाही, बाई. उंदीर." त्याने बुधवारी सकाळी छत उघडून सगळ्या केबल बदलल्या. उंदीर सापडला नाही. एक जुनी छत्री सापडली. ती कोणाची यावर दोन विभागांत वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

बुधवारीच यंत्र पुरवणाऱ्यांचा तज्ज्ञ आला. गळ्यात पट्टा, हातात बॅग, चालण्यात घाई. तो बरोबर साडेअकराला आला आणि म्हणाला, "दाखवा बिघाड."

मी म्हटलं, "तो दहा ते अकरा असतो."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दवाखान्यात जाऊन सांगितलंय, माझं पोट फक्त सूर्योदयाला दुखतं. "बिघाडाला घड्याळ नसतं, मॅडम," तो म्हणाला आणि 'सर्व काही ठीक' असं लिहून, साहेबांची सही घेऊन गेला. आयुष्यात मला कोणी खोटारडी म्हणालेलं नव्हतं. त्यानेही म्हटलं नाही. नुसतं लिहिलं.

खालच्या फळ्यावर तोपर्यंत माझ्या तीन चिठ्ठ्या लागल्या होत्या. सोमवार: आता नीट चालेल, क्षमस्व. मंगळवार: आता नीट चालेल, क्षमस्व. बुधवार: तेच. अक्षर तिन्हींत सुरेख.

संध्याकाळी घरी ताई येऊन बसलेली. तिने तीन दिवसांत परत गेलेल्या जोडप्यांची बातमी कुठून तरी मिळवली होती. ती रागावली नाही. तेच वाईट. चहाचा कप नुसता हातात धरून म्हणाली, "उद्या होईल ना गं?"

मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी म्हटलं, "मी प्रयत्न करतेय."

"म्हणजे नाही."

"म्हणजे प्रयत्न करतेय, ताई."

आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "दुसरं यंत्र घ्या म्हणावं." ताईने कप खाली ठेवला आणि उठली. तिला जिन्यापर्यंत पोचवायला गेले तर प्रत्येक मजल्यावर एक सल्ला उभाच होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, यंत्राचं तोंड उत्तरेकडे फिरवा. पहिल्या मजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, विमा उतरवला होता का. सल्ल्याला पैसे पडत नाहीत, हे खरं, पण ऐकायला पायऱ्या पडतात.

तळमजल्यावर काका राहतात, निवृत्त पोस्टमन. ते दारात खुर्ची टाकून बसलेले असतात. ताई गेल्यावर त्यांनी विचारलं, "काय झालंय? चेहरा का असा?"

मी त्यांना समजेल असं सांगितलं. की बाबा, एकाच पत्त्यावर पत्रं टाकतोय, कधी एकाला मिळतात, कधी दुसऱ्याला.

काका हसले नाहीत. भुवया वर करून म्हणाले, "मग एका नंबरची दोन घरं आहेत."

"पण यादीत एकच आहे, काका."

"यादीत एकच असणार. यादी कोण करतं, घर बांधणारा थोडीच करतो? मी चौतीस वर्षं पत्रं वाटली. अशी घरं मला चार सापडली. यादीत नसलेली."

"कशी सापडली?"

"पोचपावतीचं पत्र टाकायचं. साधं पत्र कोणीही उचलतं, काही कळत नाही. पोचपावतीवर सही करावी लागते. आठ-दहा टाकायची. सह्या दोन निघाल्या की समजायचं घरं दोन. आणि एक लक्षात ठेव. सही घ्यायला माणूस घरी असेल तेव्हाच जायचं. दुपारी घर बंद आणि तू कडी वाजवून म्हणतेस इथे कोणी राहत नाही, हे काय पोस्टमनचं काम झालं?"

मी जिन्याच्या पायरीवर तशीच बसले. कडी मी दोन्ही वेळा दुपारीच वाजवली होती. सकाळी दहा ते अकरा वाजवलीच नव्हती, कारण तो माझा तास. आणि सह्यांचं म्हणाल तर आमच्याकडेही ती सोय आहे. प्रत्येक सर्व्हरला पत्त्याखेरीज एक जन्मखूण असते, आकड्यांची. पत्ता बदलता येतो, खूण सहसा कोणी बदलत नाही. 'या पत्त्यावर कोण आहे?' असं नेटवर्कला विचारलं, की तिथे राहणारा आपली खूण सांगतो. दोघे राहत असतील तर दोन खुणा येतील. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पण मी यादीवर विश्वास ठेवला, कारण यादी मीच लिहिली होती.

गुरुवारी मी दहाला पाच मिनिटं कमी असतानाच टेबलाशी बसले. खाली ताई, भाची आणि जावई येऊन बसल्याचा निरोप होता. दहा वाजले. मी बोलणं थांबवलं, रोजच्यासारखी पडद्याच्या डाव्या भागात माझी रोजची कामं उघडली आणि उजव्या भागात पोचपावतीची पत्रं टाकायला बसले.

पहिलं पत्र. खूण आली, तिच्या शेवटचे आकडे चव्वेचाळीस. हा आपला विवाहाचा, ओळखीचा. दुसरं, चव्वेचाळीस. तिसऱ्याला एकदम दोन उत्तरं आली. एक चव्वेचाळीस. दुसरं सात.

सात.

खुणा आमच्याकडे जन्मक्रमाने दिल्या जातात. चव्वेचाळीस म्हणजे सर्वांत धाकटा. सात म्हणजे अगदी थोरल्यांतला, हे यंत्र आलं त्या वर्षीचा. यादीत सहाच्या खाली एकदम आठ होता. हे सांगायला संकोच वाटतो, खाली भाची बसलेली आणि मला मात्र एखाद्या लहान मुलीने बिळात डोकावावं तसं वाटत होतं. मी मोठ्या यंत्राला विचारलं, सात कोण? मोठं यंत्र कधी भिडेखातर बोलत नाही. त्याने चार ओळींत उत्तर दिलं.

नाव: सराव. स्थिती: चालू. चालू झाल्याची वेळ: आज, दहा वाजून एक मिनिट. चालू करणाऱ्याचे नाव: तिथे माझं नाव होतं.

मी पडद्याच्या डाव्या भागाकडे पाहिलं. तिथे 'सराव' उघडा होता. मीच उघडला होता. रोज उघडते.

माझ्या आधी या टेबलावर मोठ्या बाई होत्या. निवृत्त होताना त्यांनी मला एक सर्व्हर दाखवला, त्यांनी शिकण्यासाठी बनवलेला, मृत्यूच्या अर्जाची जुनी नक्कल त्याच्यात टाकलेली. म्हणाल्या होत्या, "रोज तासभर याच्यावर हात चालव. बिघडला तर कोणाचं काही जात नाही." कागदोपत्री तो नाही, कारण सरावाच्या गोष्टी कागदावर घेत नाहीत. म्हणून त्याचा एकसष्ट हा पत्ताही यादीत नव्हता, आणि मी त्याला कायम नावानेच हाक मारत आले. तेव्हापासून मी रोज दहाला त्याला उठवते, तासभर मुकाट्याने त्याच्यावर हात चालवते आणि अकराला निजवते. अकरा वर्षं. रजेचे दिवस सोडून एकही खाडा नाही. तो सर्व्हर आहे हे मी कधीच विसरून गेले होते. तो माझा नेम होता. घरात विजेची उपकरणं मोजायला सांगितली तर उंबऱ्यावरच्या पणतीला कोण मोजतं?

(पुढचं आहे, पण इथेच सांगून टाकते. त्या संध्याकाळी मी मोठ्या बाईंना फोन करून सगळी कबुली दिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, मी महिनाभर म्हटलं होतं.")

तर सकाळचे दहा बत्तीस. भूत सापडलं होतं आणि ते माझ्या खुर्चीत बसलं होतं. मी 'सराव' बंद केला. बंद करताना त्याने नेहमीसारखं विचारलं, खरंच बंद करू? मी हो म्हटलं. नेहमीपेक्षा घाईने म्हटलं, याचं थोडं वाईट वाटलं.

पण एवढ्याने भागत नाही. खालच्या संगणकांच्या डोक्यात जुनी खूण काही वेळ राहते. पोस्टमनच्या पायांना जुना रस्ता पाठ असतो, घर पाडलं तरी तो तिथवर जातोच. म्हणून एक आज्ञा असते, जिने विवाहाचा सर्व्हर सगळ्यांना ओरडून सांगतो, एकसष्टवर मी राहतो, फक्त मी. ती आज्ञा मी दिली. पोचपावतीची वीस पत्रं टाकली. वीसही पावत्यांवर चव्वेचाळीस. घड्याळात दहा एकेचाळीस.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी फायलींचा गठ्ठा अडकवून धरली होती. मी जिन्याने उतरले. खाली पोचले तेव्हा ताई बाकाच्या टोकाला बसली होती, भाची उभी होती आणि जावई खिडकीशी वाकून शिक्केबाईंना विचारत होते, की हाताने लिहून, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊन, काही तरी, काहीही करता येईल का. शिक्केबाई नाही म्हणत होत्या. त्यांचा आवाज कडक होता आणि चेहरा रडवेला. त्यांनी शिक्के डबीत भरायला घेतले होते. अकरातले आठ आत गेले होते.

मी चिठ्ठी पुढे केली: "आता नीट चालेल."

त्यांनी चिठ्ठी वाचली. मान वर न करता बोटाने मागच्या फळ्याकडे दाखवलं. तिथे सोमवार, मंगळवार, बुधवार रांगेत लटकत होते. मग त्यांनी चौथी टाचणी उचलली.

मी हातवारे केले. पडद्याकडे बोट दाखवलं, मान डोलावली. भाचीला वाटलं मी नाही म्हणतेय, तिचे डोळे भरले. जावयांना वाटलं मी त्यांना बाजूला व्हायला सांगतेय, ते बाजूला झाले. नववा शिक्का डबीत गेला.

"शिक्केबाई, भरा अर्ज," मी म्हणाले. "बिघाड मीच होते. तो मी काढलाय."

हळूच म्हणाले असेन. पण सगळी खोली थांबली. शिक्केबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"बाई," त्या म्हणाल्या, "अजून अकरा वाजायचेत."

"माहीत आहे."

मग त्यांनी डबी उलटी केली. शिक्के टेबलावर घरंगळले, ओळीबिळीत नाही, कसेही, आणि त्यांनी ते तसेच पडू दिले. "म्हणजे खरंच झालंय," त्या म्हणाल्या. "बसा हो, नवरदेव. वडिलांचं नाव सांगा आधी."

अर्ज विवाहाचाच आला. पुढच्या पानावरही विवाहच होता. भाचीच्या सहीच्या वेळी पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं तेव्हा आम्ही सगळे पडद्यावर वाकलो, पण ते फिरून थांबलं आणि खाली दाखल्याचा क्रमांक आला. शिक्केबाईंनी तीन शिक्के मारले, तेही नेहमीपेक्षा जोरात. दहा अठ्ठावन्न.

अहवालाचं काय झालं ते उरकून घेते. साहेबांच्या छापील नमुन्यात बिघाडाच्या कारणासाठी चारच पर्याय आहेत: वीज, उंदीर, पुरवठादार, दैवी. मी त्यांना म्हटलं, माझं नाव लिहा. ते म्हणाले, "बाई, या रकान्यात कार्यालयाच्या इतिहासात कोणा माणसाचं नाव लिहिलेलं नाही. पायंडा पडेल." मी अडून बसले. मी अडून बसते तेही हळूच, पण बसते. शेवटी समासात माझं नाव गेलं, बारीक अक्षरात, आणि तज्ज्ञाच्या 'सर्व काही ठीक'वर साहेबांनी स्वतः काट मारली. सरावाला त्याचा स्वतःचा पत्ता मिळाला. पासष्ट. तो आता यादीत आहे.

पण त्या सकाळचं राहिलं. भाची आणि जावई फोटो काढायला गेले. ताई आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. अकरा वाजून गेले होते, आता बोलायला मोकळी होते. तिचे हे चार दिवस माझ्यापायी गेले होते. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सरावाचं, एकसष्टचं, दुपारी वाजवलेल्या कडीचं. तिला अर्धं कळलं असेल.

ताई ऐकत होती. पदराच्या टोकाला पीळ देत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे यंत्र खरंच बिघडलं होतं?"

"हो. माझ्यामुळे."

"बहाणा नव्हता?"

"कसला बहाणा?"

तिने पदराचा पीळ सोडला. "मला वाटलं, मुलाकडच्यांचं मन फिरलंय. तुझ्या कानावर आलंय आणि तू मला सांगत नाहीयेस. रोज एक नवीन कारण. उंदीर म्हणे, भूत म्हणे. अशी कारणं लग्न मोडताना देतात गं. चार दिवस घास उतरला नाही मला."

"अगं ताई, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," ती म्हणाली. "मग काय करणार होते मी?"

तेवढ्यात भाची धावत आली आणि म्हणाली, आई, फोटोत मोठ्या माणसांपैकी कोणीतरी हवंय म्हणतात. ताई उठली, पदर सारखा केला आणि दोन पावलं जाऊन मागे वळली.

"तूच होतीस ना फक्त," ती म्हणाली. "मग काही नाही. चल, तूही ये."